भरतीची बालदी

आमच्या खाडीत मासे साफ करायचा एक चपटा दगड आहे. त्या दगडावर रिपेका आत्या चाळीस वर्षं बसली, आणि त्या चाळीस वर्षांत तिनं जेवढ्या माणसांना शिव्या घातल्या तेवढी माणसं या बेटावर राहतसुद्धा नाहीत. कारण दर वेळी एकच. कॉड कापून झाला की मागे उरतात मुंडकी, काटे आणि आतडी. ती बालदी ओहोटी लागल्याशिवाय समुद्रात उपडी करायची नाही, हा आत्याचा कायदा. ओहोटीचं पाणी सगळं बाहेर घेऊन जातं, टोकापलीकडे, सीलखडकाच्या बाजूला. भरतीला टाकलं तर तेच सगळं आत येतं, जिथे आमच्या होड्या बांधलेल्या असतात आणि उन्हाळ्यात पोरं डुंबतात. त्या वासामागोमाग कोण येतं ते इथे कुणाला सांगावं लागत नाही.

एकदा आमच्या पाद्रीबाबांनी भर दुपारी धक्क्यावरून दोन मुंडकी भिरकावली. आत्या दगडावरून ओरडली, ‘‘बाबा, रविवारी बाप्तिस्मा आहे ना कुणाचा? याच पाण्यात ना?’’ पाद्रीबाबा बिचारे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खडकात उतरले आणि एक मुंडकं तरी परत घेऊन आले. दुसरं तोवर गेलं होतं.

ज्या शार्कची ही भीती, त्याला आम्ही नुसतं ‘पांढरा’ म्हणतो. खरं तर वरून बघाल तर तो करडा, ओल्या पाटीसारखा. पांढरं असतं ते पोट, आणि ते दिसण्याइतकं जवळ जायची कुणाला हौस नसते. उन्हाळा संपत आला की सीलची पिल्लं पाण्यात उतरायला शिकतात, तेव्हा हे येतात. थंडी भरात आली की जातात. कुठे जातात हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी पाठीला यंत्रं चिकटवणारी शिकलेली मंडळी आली आणि त्यांनी शोध लावला, की हे थेट उत्तरेला टोंगाच्या गरम पाण्यापर्यंत जातात आणि तेच ते मासे पुन्हा त्याच त्या खडकाला परत येतात. यातलं दुसरं आत्या वीस वर्षं ओरडून सांगत होती. पण तिच्याकडे यंत्र नव्हतं आणि अंगाला कॉडचा वास यायचा, म्हणून तिचं कुणी लिहून घेतलं नाही.

आत्याचा नवरा सामुद्रधुनीत गेला. शार्कनं नव्हे, लाटेनं. होडी उलटली तेव्हा तिचा तेओने सहा वर्षांचा होता. पुढच्या शरद ऋतूत एके सकाळी आत्या वल्ह्याची होडी घेऊन एकटीच सीलखडकापलीकडे कॉड धरायला गेली. गळाला लागलेला कॉड वर ओढला तर मुंडकंच हातात आलं. मग होडीच्या बाजूला पाणी फुगलं आणि एक भलं मोठं डोकं सरळ उभं वर आलं. पाण्यातून मान काढून ते तिच्याकडे बघत राहिलं.

‘‘लोक म्हणतात त्यांचा डोळा काळा असतो,’’ आत्या मला सांगायची. ‘‘काळा नाही गं. गडद निळा असतो.’’

‘‘घाबरली नाहीस?’’

‘‘रडत होते मी. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडत होते. तिथे ऐकायला कुणी नव्हतं ना. आणि ही बाई वर येऊन बघत बसली.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, रडू थांबलं.’’

त्या शार्कच्या पाठीवरच्या त्रिकोणी पराला एक खाच होती, पावाचा तुकडा दातानं तोडावा तशी. त्या खाचेवरून आत्या तिला ओळखायची. नाव ठेवलं पाहुणी. पाहुणी एक वर्ष सोडून यायची. आत्याचं म्हणणं, मधल्या वर्षी ती बाळंतपणाला जाते. या पाहुणीवरून तिची सगळ्यात जास्त थट्टा कुणी केली असेल तर फर्गसकाकानं. फर्गसकाका शेजारचा, आत्याच्या नवऱ्याचा जिवलग. नवरा गेल्यावर आत्याच्या घरची चूल, छप्पर, होडीचं इंजीन, सगळं त्यानं सांभाळलं आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. बोलायचा तो फक्त टोमणे.

‘‘रिपेका, तुझा तो पाहुणा दिसला बरं का काल.’’

‘‘पाहुणा नाही, पाहुणी. पोटाखाली दोन दांडके असले तर नर. हिला नाहीत.’’

‘‘वाकून बघितलंस वाटतं?’’

‘‘तुझ्यासारखी मी डोळे मिटून मासे धरत नाही. गालाजवळ ओरखडे बघितलेस तिच्या? नवऱ्यानं चावलंय. त्यांच्यात लग्न तसंच असतं.’’

‘‘आमच्यात चावते ती बायको,’’ फर्गसकाका म्हणायचा, आणि त्याची बायको खिडकीतून त्याला हाक मारायची.

मी आत्याच्या भावाची मुलगी, हुहाना. लहानपणापासून तिच्याबरोबर दगडावर बसून सुरी चालवायला शिकले, आणि सुरीबरोबर हेही शिकले. पांढरा कधी समोरून येत नाही, खालून येतो. सकाळच्या तिरप्या उजेडात जास्त येतो, कारण वर तरंगणारं सगळं त्याला काळं दिसतं आणि तो स्वतः दिसत नाही. घास घेताना डोळे आत फिरवतो, म्हणजे ऐन त्या क्षणी तो आंधळा असतो. होडीच्या इंजिनाला, पिंजऱ्याच्या लोखंडाला उगाच तोंड लावतो, जणू त्यातून काहीतरी ऐकू येतं. एकदा पाहुणीनं आमचा शेवंडांच्या पिंजऱ्याचा तरंगता गोळा तोंडात धरला, हलक्या हातानं म्हणावं तसा, आणि सोडून दिला. गोळ्यावर दातांची रांग उमटली होती.

‘‘खायचं नव्हतं तर चावली कशाला?’’ मी विचारलं.

‘‘तिला हात कुठे आहेत?’’ आत्या म्हणाली. ‘‘तुला काय आहे ते बघायचं झालं तर तू चाचपून बघतेस. तिला तोंडच लावावं लागतं.’’

हे सगळं आधी सांगितलं, कारण आता जे सांगणार आहे ते नीट कळायला हवं. पांढऱ्याला मारू नये असा कायदा यायला तेव्हा अजून पंधरा-सोळा वर्षं होती. मी बावीस वर्षांची होते. तेओने एकतीसचा, बेटावरचा सगळ्यात चांगला पाणबुड्या, पावा नावाचे शिंपले काढायचा. एका दमात दोन मिनिटं खाली राहायचा आणि वर आला की आधी हसायचा. आत्याला तो एकुलता एक.

मार्चचा मध्य होता; आमच्या दक्षिणेत तेव्हा उन्हाळा सरतो आणि जूनपर्यंत थंडी येते. दर वर्षी या दिवसांत आम्ही तीती या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरायला पलीकडच्या छोट्या बेटावर जातो. पणजोबांपासूनचा आमचा हक्काचा तुकडा आहे तिथे, झोपडी आहे. दोन-अडीच महिने तिथेच मुक्काम. पक्षी धरायचे, सोलायचे, मिठात घालून समुद्रशेवाळाच्या पिशव्यांत भरायचे. आत्याची एकही खेप चुकली नव्हती. पोटुशी असतानासुद्धा ती गेली होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी रेडिओवर सांगितलं, की वारा परवा नव्हे, उद्या संध्याकाळीच फिरणार. म्हणजे सकाळी उठून निघायलाच हवं. अजून गाद्या बांधायच्या होत्या, पीठ, बटाटे, मीठ, रॉकेल होडीत चढवायचं होतं, आणि दगडावर साठ कॉड पडले होते, धुरी देऊन बरोबर न्यायचे. आम्ही दोघी बसलो आणि हात चालवला. शेवटचा कॉड कापला तेव्हा दोन बालद्या काठोकाठ भरल्या होत्या.

मी पाण्याकडे बघितलं. शेवाळाचे पट्टे आत वळले होते.

‘‘आत्या, भरती लागलीय.’’

‘‘दिसतंय मला.’’

‘‘मग बालद्या?’’

तिनं घराकडे बघितलं, जिथे धुरीची भट्टी पेटायची होती. मग आभाळाकडे बघितलं. ‘‘सहा तास कोण बसणार आता? एवढ्याशानं काय होतंय. ओत.’’

तिनं एक ओतली, मी दुसरी. सीगल ओरडत आले. मी एकदा वळून बघितलं होतं, हे मला पक्कं आठवतं. मुंडकी हळूहळू बुडत होती आणि आत सरकत होती.

सकाळी सातला होडी निघायला तयार. फर्गसकाका धक्क्यावर दोर सोडत होता, मी आणि आत्या सामानावर बसलो होतो. इंजीन चालू केलं तर घरघर होऊन बंद पडलं. पंख्यात दोर अडकला होता. तेओने म्हणाला, ‘‘बसा, आलोच,’’ आणि रबरी सूट अंगात घालून सुरी घेऊन उतरला. पाणी जेमतेम तीन पुरुष खोल. दोर कापून तो वर आला, हात हलवला, शिडीला हात घातला, आणि एकदम कमरेपर्यंत पाण्याबाहेर उचलला गेला. मला वाटलं उडी मारून मस्करी करतोय. मग पाणी लाल झालं.

तिनं त्याला धरून एक हिसका दिला आणि सोडलं. सोडलं, हे मी शपथेवर सांगेन. परत आली नाही. होडीखालून जाताना पाठीवरचा पर एकदा वर आला, आणि त्यातली खाच आम्ही दोघींनी बघितली. तेओनेला वर ओढलं तेव्हा डाव्या पायाची पोटरी जवळजवळ नव्हतीच. आत्यानं स्वतःचा ॲप्रन फाडून मांडीला करकचून बांधला आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहिली. काय बोलत होती तर तीती शिजवताना पाणी तीनदा का बदलायचं ते. तिला दुसरं काही सुचलंच नसावं.

तो वाचला. दुसऱ्या दिवशी छोट्या विमानानं आम्ही सामुद्रधुनीपलीकडे शहरातल्या दवाखान्यात गेलो. तेओने उशीला टेकून बसला होता, चेहरा मेणासारखा. पाय राहणार होता, पण पाण्यात पूर्वीसारखं उतरता येणार नव्हतं. हे डॉक्टरांनी आम्हाला बाहेर सांगितलं होतं. त्याला अजून सांगायचं होतं. पण त्याला कळलं असावं.

‘‘आई, एक सांगू? खाली गेलो ना, तेव्हा तळाला कॉडची मुंडकी दिसली. पुष्कळ. भरतीला टाकलीत कुणीतरी.’’

आत्या त्याच्या पांघरुणाची चुणी सरळ करत होती.

‘‘ते शिडाच्या बोटीवाले दोघं आलेत ना पाहुणे, तेच असणार. तुझा कायदा त्यांना कोण सांगणार?’’

‘‘हं,’’ आत्या म्हणाली.

त्या एका ‘हं’चा तिला पुढे जन्मभर राग येत राहिला.

‘‘फर्गसकाकाचा फोन आला होता,’’ तेओने म्हणाला. ‘‘धरतो म्हणाला तिला. जबडा तुझ्या भिंतीवर टांगतो म्हणाला. मी म्हटलं, टांग. आई, तिची जागा तू दाखव त्यांना. तुझ्याशिवाय कुणाला सापडायची नाही ती.’’

मी खिडकीतून बाहेर बघत होते. मी काही बोलले नाही. आत्याचं वय झालं होतं, मुलगा समोर होता, तिचं एक वेळ समजू शकतं. मी का बोलले नाही? भित्री म्हणून. दुसरं काही कारण नाही.

परतीच्या विमानात इंजिनाच्या आवाजात ती माझ्या कानाशी लागून बोलली. ‘‘जागा दाखवली तर ती जाते. मुंडकी माझी म्हटलं तर पोरगा जातो.’’

‘‘आणि दोन्ही नाही सांगितलं तर?’’

‘‘तर फर्गस खाडीभर आकडे टाकणार आणि येईल तिला मारणार. चार मिळाल्या तर चार. आणि मी घरात बसून ऐकणार.’’ मग म्हणाली, ‘‘ती तिच्या वेळेला तिच्या खडकावर आली होती गं. मी तिला आत बोलावलं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर सात-आठ जण जमले होते. फर्गसकाकाच्या लाँचवर लोखंडी पिंप, पिंपाला साखळी, साखळीला माझ्या हाताएवढा आकडा, आणि आकड्याला लावायला अर्धं मेंढरू. यात कुणालाही मौज वाटत नव्हती, हे सांगायलाच हवं. तेओने त्यांच्यासमोर वाढलेला. त्यांना काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं हे एकच दिसत होतं.

‘‘ये रिपेका,’’ फर्गसकाका म्हणाला. ‘‘पुढे बस. तू हात करशील तिकडे वळवतो.’’

आत्या लाँचपर्यंत गेली आणि थांबली.

‘‘फर्गस, ती मुंडकी माझी होती.’’

‘‘कुठली मुंडकी?’’

‘‘पाण्यात होती ती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी टाकली. भरतीला.’’

फर्गसकाकानं तिचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ढकलतच मासळीच्या शेडमध्ये नेलं. मीही मागोमाग घुसले. त्यानं दार लावून घेतलं.

‘‘हे तू बोलली नाहीस,’’ तो म्हणाला. ‘‘मी ऐकलं नाही. बाहेरच्यांनाही मी बघून घेतो.’’

‘‘ऐकलंस तू.’’

‘‘अगं, डोकं चालव जरा! त्या पोराचा पाय गेला, धंदा गेला. आता त्याची आईपण घालवतेस? त्याला कुणावर तरी राग धरायचाय. माशावर धरू दे. माशाला काय त्याचं!’’

‘‘माशाचा जीव जाईल.’’

‘‘जाऊ दे! एक मासा!’’

‘‘माझ्या नावचा राग तिच्या अंगावर काढायचा, आणि जबडा पोराच्या भिंतीवर टांगायचा,’’ आत्या म्हणाली. ‘‘म्हणजे तो रोज सकाळी उठून माझंच तोंड बघणार. ते मला जमणार नाही, फर्गस.’’

फर्गसकाकाचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांत मी त्याला तसं बघितलं नव्हतं. ‘‘मी त्याच्या बापाला शब्द दिला होता, तुम्हा दोघांना बघीन म्हणून,’’ तो म्हणाला.

‘‘बघितलंस की. हुहाना, दवाखान्याला फोन लाव.’’

शेडच्या भिंतीवर फोन होता. मी लावला, वॉर्डमध्ये द्या म्हटलं आणि तिच्या हातात दिला. पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं.

‘‘तेओने? मी आहे. झोप लागली का?... बरं. ऐक. ती मुंडकी माझी होती... नाही, बोटीवाल्यांची नाही. ते बिचारे तेव्हा वरच्या वाटेवर फिरायला गेले होते. मी टाकली... हो, ठाऊक होतं भरती आहे. बघितलं होतं मी... घाई होती. नाही, दुसरं काही नाही. नुसती घाई होती.’’

मग ती बराच वेळ ऐकत राहिली. किंवा पलीकडे कुणी बोलतच नसावं. शेवटी तिनं फोन जागेवर ठेवला.

‘‘काय म्हणाला?’’ मी विचारलं.

‘‘ठेवला त्यानं.’’

फर्गसकाका दार उघडून बाहेर गेला. ‘‘आकडा काढा,’’ त्याचा आवाज आला. कुणीतरी ‘का’ म्हणून विचारलं. ‘‘काढा म्हणतोय ना!’’ ते अर्धं मेंढरू त्याच्या बायकोनं रविवारी चर्चच्या जेवणाला दिलं, आणि पाद्रीबाबांनी ते काय निमित्तानं आलं हे न विचारता दोनदा वाढून घेतलं.

त्या वर्षी आत्या तीतीच्या बेटावर गेली नाही. आम्ही बाकीचे उशिरानं गेलो. मेअखेर परत आलो तर ती दगडावर होती तशीच, पण खाडी फार शांत झाली होती. मला आधी कळेना काय बदललं ते. मग एका दुपारी धक्क्यावर मासेमारीची हौस असलेले दोन परगावचे आले आणि त्यांनी भर भरतीला आतडी पाण्यात फेकली. आत्यानं बघितलं. मान खाली घातली आणि हातातला मासा कापत राहिली. तीन महिन्यांत ती एकदाही कुणावर ओरडली नव्हती.

तेओने दवाखान्यातून सुटून तिकडेच एका मित्राकडे राहिला होता, पायाच्या व्यायामासाठी. दर रविवारी आत्या फोन करायची. दर रविवारी तो झोपलेला असायचा, असं मित्र सांगायचा. भर दुपारी. मित्राला खोटं बोलायचं वळण नव्हतं. आवाज पडायचा त्याचा. ‘‘झोपू दे,’’ आत्या म्हणायची. ‘‘थंडी आहे. पांघरूण पुरतं का विचार.’’

पाहुणी पुढे वाचली, हे इथेच सांगून टाकते. एक वर्ष सोडून अशी ती आणखी सहा वेळा आली. तिला यंत्र लागलं, कागदावर नंबर मिळाला. त्या यंत्रवाल्या मंडळींतली एक मुलगी वही घेऊन आत्याकडे आली होती, सगळं विचारायला. आत्यानं तिला चहा दिला, गरम स्कोन दिले, माहिती दिली आणि जाताना तिच्याकडून लिहून घेतलं की नंबराच्या पुढे कंसात पाहुणी असं नाव घालीन. त्या मुलीनं घातलं. आत्या गेली त्या वर्षी त्या मुलीचं पत्र आलं, की हे मासे सत्तर वर्षं जगतात असं आता दिसतंय, माद्यांना तीस-तीस वर्षांच्या होईपर्यंत पिल्लंच होत नाहीत. म्हणजे पाहुणी अजून कुठेतरी असेल. मला बरं वाटतं ते.

पण तेओने परत आला तो दिवस सांगायचा राहिला. जूनचा शेवट, कोरडी थंडी, स्वच्छ ऊन. आम्ही दोघी दगडावर होतो. फेरीबोट धक्क्याला लागली आणि काठी टेकत एक माणूस उतरला. फर्गसकाकानं त्याची पिशवी घेतली. तो घराकडे वळला नाही. सावकाश, दर पावलाला थांबत, खडकांतून आमच्याकडे आला. आत्या उठली नाही. तिनं पुढचा कॉड ओढून घेतला.

तेओने दगडावर बसला, पाय लांब केला. तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि कॉड कापायला लागला. वाईट कापत होता. पाणबुड्यांना कापण्याची सवय नसते. अर्धं मांस काट्यालाच राहत होतं आणि एरवी आत्यानं त्यावर त्याला सोललं असतं. बालदी भरली.

‘‘आई, पाणी चढतंय की उतरतंय?’’

आत्यानं पाण्याकडे बघितलं. जिला पाठ करून बसलं तरी कळायचं, तिनं दोनदा बघून घेतलं. ‘‘चढतंय,’’ ती म्हणाली. ‘‘अजून चार तास तरी.’’

‘‘मग बसू.’’

त्यानं बालदीवर पोतं टाकलं. मला आता राहवेना. ‘‘तेओने, त्या दिवशी बालद्या दोन होत्या. दुसरी मी ओतली.’’

‘‘ठाऊक आहे,’’ तो म्हणाला. ‘‘साठ कॉडची घाण एका बालदीत मावत नाही.’’ मग पायाकडे बघत म्हणाला, ‘‘पडल्या पडल्या पुष्कळ हिशेब झाले माझे. धरलं तसं धरून ठेवलं असतं तिनं, तर मी नव्हतोच. तिनं सोडलं मला. आणि मी तीन महिने फोन घेतला नाही.’’

आत्या रडायला लागली. लपवलं नाही, तोंडावर पदर घेतल्यासारखा ॲप्रनही घेतला नाही. तेओनेनं माशाच्या रक्ताचे हात तिच्या पाठीवर ठेवले.

तेवढ्यात धक्क्यावरून फर्गसकाकानं कॉडची तीन मुंडकी उचलली आणि एकामागून एक पाण्यात फेकली. आमच्या समोर, भर भरतीला. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला भरती-ओहोटी कळली नाही, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. फेकून तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

आत्यानं बघितलं आणि मान खाली घातली.

‘‘आई,’’ तेओने म्हणाला, ‘‘ओरड ना.’’

‘‘कुठल्या तोंडानं ओरडू रे?’’

‘‘होतं त्याच तोंडानं. ओरड. मी ऐकायला आलोय.’’

तिनं नाक पुसलं. गुडघ्यांवर हात टेकून उठली, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि दगडावर उभी राहिली. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला तो पलीकडच्या टेकडीपर्यंत गेला.

‘‘फर्गस! मेल्या, डोळे फुटले का तुझे? उतर खाली आणि काढ ती!’’

फर्गसकाका एवढ्या थंडीत पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लागला.